एका सोमवारच्या पाच तारखा

सोमवार होता, एवढं नक्की.

तारीख कोणती, महिना कोणता, साल कोणतं, हे मात्र तुम्ही कुणाला विचारता त्यावर होतं. बऱ्हाणपूरच्या जोशीबुवांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, "शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध दशमी." पलीकडच्या गल्लीतले मौलवी म्हणाले असते, "हिजरी सन ९९८, रबीउल-अव्वल." अकबर बादशहाच्या दफ्तरातल्या मुनशीनं लिहिलं असतं, इलाही सन ३४, महिना दै. गोव्यातल्या पोर्तुगीज पाद्र्यानं लिहिलं असतं, १५ जानेवारी १५९०. आणि लंडनमधल्या एखाद्या दुकानदारानं आपल्या वहीत टिपलं असतं, ५ जानेवारी १५८९.

छापखान्याची चूक नाही हं ती. गोव्यात १५, लंडनमध्ये ५. गोव्यात १५९०, लंडनमध्ये १५८९. पाद्री ख्रिस्ती, दुकानदारही ख्रिस्ती. दोघंही जानेवारीच म्हणतात, आणि तरी दहा दिवसांचं आणि एका वर्षाचं अंतर! यातले दहा दिवस एका राजाच्या लग्नाच्या भांडणामुळे पडले, असं मी सांगितलं तर पटेल? लगेच पटवून घेऊ नका. आधी आपण त्या सोमवारकडे जाऊ. तो आपल्या अगदी शेजारी दगडात कोरून ठेवलेला आहे.

भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसा. सावदा, निंभोरा, रावेर अशी केळीच्या बागांमधली स्टेशनं मागे पडतात, मध्य प्रदेश लागतो आणि बऱ्हाणपूर येतं. आज मध्ये राज्याची हद्द आहे म्हणून ते परगाव वाटतं. पण चारशे वर्षांपूर्वी जळगाव, धुळे आणि बऱ्हाणपूर हा सगळा मिळून एकच मुलूख होता, खानदेश, आणि त्याची राजधानी होती बऱ्हाणपूर. त्याच्याही आधीची गादी तर आपल्या धुळे जिल्ह्यातली. शिरपूर तालुक्यात तापीच्या काठी थाळनेर आहे ना, तिथली. दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकानं १३७० च्या सुमारास मलिक राजा नावाच्या सरदाराला थाळनेरची जहागीर दिली. या मलिकनं पुढे स्वतःचंच राज्य थाटलं. त्याच्या घराण्यातल्या राजांच्या कबरी थाळनेरला आजही घुमटांसकट उभ्या आहेत. सहलीला दरवर्षी त्याच त्याच ठिकाणी नेणाऱ्या सरांच्या कानावर हे जरूर घाला.

नव्या राजाला दोन गोष्टी लागतात. एक फौज, आणि दुसरं म्हणजे लोकांनी "हाच आमचा राजा" म्हणावं असं काहीतरी कारण. फौज पैसे टाकून मिळते. दुसरी गोष्ट मात्र बहुतेक राजे धर्माकडून उसनी घेतात. मलिक राजाचं घराणं सांगायचं की आम्ही खलिफा उमर यांचे वंशज. उमर यांना 'फारुक' म्हणत, म्हणून हे फारुकी. मलिक राजाचा मुलगा नासिर खान याच्याही पुढे गेला. तापीकाठी त्यानं नवं शहर वसवलं आणि त्याला सूफी संत बुऱ्हाणुद्दीन यांचं नाव दिलं. तेच बऱ्हाणपूर. नदीच्या पलीकडच्या काठावर झैनाबाद, ते त्यांचे शिष्य झैनुद्दीन यांच्या नावावरून. दोन्ही संतांचे दर्गे खुलताबादला आहेत, वेरूळच्या लेण्यांजवळ.

एक जुनी कथा अशी की नासिर खानानं असीरगड जिंकला, तेव्हा झैनुद्दीन स्वतः त्याचं अभिनंदन करायला आले आणि म्हणाले, इथं शहर वसव. कथा छानच आहे. पण वही-पेन्सिल काढा. नासिर खान गादीवर आला १३९९ मध्ये. झैनुद्दीन वारले १३६९ मध्ये. वजाबाकी करा आणि सांगा, अभिनंदनाला कोण आलं होतं? तारखा शेजारी शेजारी मांडल्या की गोष्टी अशा उघड्या पडतात. म्हणून तर इतिहासवाले तारखेसाठी इतके हटून बसतात.

आता तो सोमवार.

नासिर खानानंतर दीडेकशे वर्षांनी फारुकी गादीवर राजा अली खान होता. त्याला आदिलशहा असंही म्हणत. विजापूरचे आदिलशहा वेगळे, त्यांच्याशी याची गल्लत करू नका. त्यानं बऱ्हाणपुरात दगडी जामा मशीद बांधली. दोन उंच मिनार, आत कमानींच्या रांगा. तिच्या भिंतीवर अरबी शिलालेख आहे, त्यात नवल काही नाही. नवल त्याच्या जोडीला आहे. तिथं देवनागरीत एक संस्कृत शिलालेख आहे! आरंभी सृष्टीच्या निर्मात्याला नमस्कार. मग राजा मलिकपासून सगळ्या फारुकी राजांची वंशावळ, संस्कृतात. शेवटी, या राजानं आपल्या धर्माच्या पालनासाठी ही मशीद बांधली, असं सांगून मुहूर्त दिलाय. आणि मुहूर्त कसा, तर अस्सल पंचांगातला. संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध दशमी २३ घटिकांपर्यंत आणि पुढे एकादशी. सोमवार. कृत्तिका नक्षत्र ३३ घटिकांपर्यंत आणि पुढे रोहिणी. रात्री ११ घटिका झाल्या असताना, कन्या लग्नावर.

म्हणजे मशिदीचा मुहूर्त जोशीबुवांनी काढला होता की काय? लेखाची धाटणी तर तसंच सांगते. लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेवरही इतका तपशील नसतो.

घटिका म्हणजे २४ मिनिटं. दिवस-रात्र मिळून ६० घटिका. त्या मोजायला तांब्याची छोटी वाटी असे, बुडाला बारीक भोक. ती पाण्यानं भरलेल्या घंगाळात सोडायची. भोकातून पाणी वर येत येत वाटी बुडाली की एक घटिका संपली. कुणीतरी रात्रभर जागून ती वाटी पुन्हा पुन्हा सोडत बसायचं. आता हिशेब करा. सूर्य साधारण सातला उगवला असं धरा. २३ घटिका म्हणजे ९ तास १२ मिनिटं, म्हणजे दशमी संपली दुपारी चारनंतर. ३३ घटिका म्हणजे १३ तास १२ मिनिटं, म्हणजे कृत्तिका संपली रात्री आठनंतर. सूर्य मावळून ११ घटिका झाल्या तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते.

पण जोशीबुवांनी हे सगळं बरोबर लिहिलं कशावरून? आकाशाला विचारू. आकाशाची वही कुणाला खोडता येत नाही.

सूर्य आणि चंद्र यांच्यात १२ अंशांचं अंतर पडलं की एक तिथी होते. अमावास्येला अंतर शून्य, पौर्णिमेला १८०. शुद्ध दशमीला ते १०८ आणि १२० यांच्यामध्ये. त्या दिवशी सूर्य नुकताच मकर राशीत शिरला होता, संक्रांत होऊन आठवडा झाला होता. तिथून चंद्र ११५-१२० अंश पुढे. मकर, कुंभ, मीन, मेष या चार राशी ओलांडून आपण वृषभेच्या दारात पोचतो. आणि तिथंच कृत्तिकांचा पुंजका आहे! म्हणजे तिथी, महिना आणि नक्षत्र एकमेकांशी जुळतात. यातलं एक जरी मनानं ठोकून दिलं असतं, तरी लगेच पकडलं गेलं असतं. वाराचं कुलूप आणखी वेगळं. पौष शुद्ध दशमी दरवर्षी येते, पण ती सोमवारी यायची तर सरासरीनं सात वर्षांतून एकदा. मी चंद्राचा महिना २९.५३०६ दिवसांचा धरून आजपासून मागे मोजत गेलो. १५ जानेवारी १५९० ला चंद्र साडेनऊ दिवसांचा निघतो, म्हणजे दहावी तिथी, आणि वार सोमवार. जोशीबुवा, शंभरपैकी शंभर.

तुम्हालाही हे पाहता येईल. घरच्या कालनिर्णयात पौष शुद्ध दशमी शोधा, संध्याकाळी गच्चीवर जा. कृत्तिका म्हणजे झुमक्यासारखा छोटा पुंजका, नुसत्या डोळ्यांना सहा तारे दिसतात. चंद्र त्याच्या आसपासच भेटेल, एखाद्या नक्षत्राचा फरक पडेल एवढंच.

बऱ्हाणपुरात अशी तारीख पडत होती, तेव्हा लंडनचा दुकानदार दहा दिवस मागे का होता? त्यासाठी ५६-५७ वर्षं मागे, इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाकडे जावं लागेल. सहा लग्नं केली तोच हा. पण भानगड पहिल्या लग्नाची आहे.

त्याची राणी कॅथरीन ही स्पेनची राजकन्या. त्यांना मुलगी होती, मेरी. मुलगा नव्हता, आणि हेन्रीला गादीला मुलगाच हवा होता. शिवाय त्याचं मन ॲन बोलीनवर बसलं होतं. पहिलं लग्न रद्द करायचं तर परवानगी रोमच्या पोपची. पश्चिम युरोपातल्या ख्रिस्ती लोकांचा पोप हा सर्वांत मोठा धर्मगुरू, आणि राजांनाही त्याचं ऐकावं लागे. पण या वेळी पोपचीच पंचाईत झाली होती. कॅथरीनचा भाचा म्हणजे सम्राट पाचवा चार्ल्स, आणि १५२७ मध्ये त्याच्याच फौजेनं रोम लुटलं होतं. त्याच्या मावशीला घराबाहेर काढायला पोप कसा हो म्हणणार? वर्षांमागून वर्षं गेली. शेवटी हेन्रीनं १५३३ मध्ये ॲनशी लग्न लावून टाकलं आणि १५३४ मध्ये संसदेकडून कायदा करून घेतला: इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख पोप नाही, राजा.

खानदेशचे राजे संतांची नावं शहराला देऊन थांबले. हेन्रीनं संतांचं ऑफिसच ताब्यात घेतलं. १५३६ ते १५४० या चार वर्षांत त्यानं देशातले सगळे मठ बंद केले, आठशेच्या आसपास. जमिनी खजिन्यात, छपरांचं शिसं वितळवून विक्रीला, जोगी आणि जोगिणी रस्त्यावर. यात धर्म किती आणि पैसा किती, हे तुम्हीच ठरवा. माझ्या मते पैशाचं पारडं बरंच जड होतं.

आणि मग सुरू झाली खरी ओढाताण. समजा, एक मुलगी १५४० मध्ये इंग्लंडच्या एखाद्या खेड्यात जन्मली. ती सात वर्षांची असताना हेन्री वारला आणि त्याचा नऊ वर्षांचा मुलगा एडवर्ड गादीवर आला. त्याच्या सल्लागारांनी चर्चच्या भिंतींवरची संतांची चित्रं चुन्यानं पांढरी करून टाकली, आणि लॅटिनमधली प्रार्थना १५४९ पासून इंग्रजीत आली. ती तेरा वर्षांची झाली तेव्हा एडवर्ड वारला आणि कॅथरीनची मुलगी मेरी राणी झाली. मेरी पोपच्या बाजूची. प्रार्थना पुन्हा लॅटिनमध्ये, आणि जे ऐकत नव्हते अशा सुमारे पावणेतीनशे माणसांना तिनं जिवंत जाळलं. मुलगी अठरा वर्षांची झाली तेव्हा मेरीही वारली आणि १५५८ मध्ये राणी झाली एलिझाबेथ, ॲन बोलीनची मुलगी, म्हणजे जिच्या आईच्या लग्नावरून हे सगळं पेटलं तीच. प्रार्थना परत इंग्रजीत! गाव तेच, चर्च तेच, देव तोच. आणि एकोणीस वर्षांच्या आत तीनदा पाटी पुसून नव्यानं लिहिलेली. रविवारी चर्चला गेलं नाही तर १२ पेन्स दंड. १५८१ पासून तर महिन्याला २० पौंड, म्हणजे साध्या माणसाची काही वर्षांची कमाई. पोपनं १५७० मध्ये एलिझाबेथला धर्माबाहेर टाकलं. मग तिच्या माणसांनी पोपच्या पाद्र्यांना पकडून फासावर चढवायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंचे हात काही स्वच्छ नव्हते.

या भांडणात कॅलेंडर कुठून आलं? सूर्यामुळे.

जुन्या रोमन कॅलेंडरात दर चार वर्षांनी लीप वर्ष, म्हणजे वर्ष सरासरी ३६५ दिवस आणि ६ तासांचं. खरं वर्ष त्याहून ११ मिनिटांनी लहान आहे. अकरा मिनिटं म्हणजे काय, मधल्या सुट्टीपेक्षाही कमी! पण दरवर्षी ११ मिनिटं साठत गेली, तर १२८ वर्षांत एक अख्खा दिवस होतो. बाराशे-साडेबाराशे वर्षांत दहा दिवस झाले. २१ मार्चला यायचा तो समान दिवस-रात्रीचा दिवस ११ मार्चलाच यायला लागला, आणि त्यावर अवलंबून असलेला ईस्टरचा सण भलतीकडे सरकला. पोप तेरावा ग्रेगरी यानं ज्योतिर्विदांना बसवलं आणि १५८२ मध्ये फर्मान काढलं: गुरुवार ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार १५ ऑक्टोबर. मधले दहा दिवस गायब. शिवाय पुढच्यासाठी नियम: शंभरानं भाग जाणारं वर्ष लीप नाही, मात्र चारशेनं भाग गेला तर लीप. म्हणून १९०० लीप नव्हतं, २००० होतं. इटली, स्पेन, पोर्तुगालनं लगेच मान्य केलं, आणि पोर्तुगीजांमागोमाग गोव्यातही पोपची तारीख आली.

गंमत म्हणजे, इंग्लंडलाही गणित पटलं होतं! एलिझाबेथच्या सरकारनं जॉन डी नावाच्या गणितज्ञाला विचारलं. त्यानं हिशेब तपासला आणि दुरुस्ती हवीच, असा अहवाल दिला. पण बिशप मंडळी आडवी आली. पोपनं सांगितलेलं आपण कसं करायचं? झालं, फाइल बासनात. गणित बरोबर, पण सांगणारा नावडता. अशी भांडणं तुम्ही वर्गातही पाहिली असतील.

म्हणून लंडनचा दुकानदार दहा दिवस मागे. आणि साल १५८९ का? तेव्हा इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, देवदूतानं येशूच्या आईला शुभवर्तमान दिलं त्या दिवशी. डिसेंबर १५८९ नंतर यायचा जानेवारी १५८९. त्या वर्षाचं साल बदलायला अजून पावणेतीन महिने होते. आपल्या पाडव्याच्या आसपासच की!

आता तुम्ही म्हणाल, लंडन कुठं, खानदेश कुठं. पण त्याच एलिझाबेथ राणीचं अकबराच्या नावे पत्र घेऊन निघालेल्या मंडळींपैकी राल्फ फिच नावाचा व्यापारी १५८४ मध्ये बऱ्हाणपुरात पोचला होता. मशीद तेव्हा पुरी व्हायची होती. त्यानं लिहून ठेवलंय की इथली घरं मातीची, गवतानं शाकारलेली, सुती कापड आणि रंगीत छापाचं कापड भरपूर. पावसाळ्यात रस्त्यांवर इतकं पाणी आणि चिखल की चालणं मुश्कील. मुलांची लग्नं मात्र धूमधडाक्यात चाललेली. आठ-दहा वर्षांचा नवरदेव आणि पाच-सहा वर्षांची नवरी पाहून तो चकित झाला होता.

फिच बऱ्हाणपूरला आला तो गोव्यातून पळून. पोर्तुगीजांनी त्याला आणि त्याच्या सोबत्यांना हेर समजून तुरुंगात टाकलं होतं. त्यांच्या जामिनासाठी धडपडला एक पाद्री, आणि तो पाद्री चक्क इंग्रज. थॉमस स्टीफन्स. हा पोपच्या बाजूचा, म्हणून एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये त्याला पाद्री होणं शक्य नव्हतं. तो रोमला गेला, तिथून १५७९ मध्ये गोव्यात आला, तो परत गेलाच नाही. इथं राहून मराठी शिकला, आणि साधीसुधी नाही, तर ओव्या रचण्याइतकी. त्याचं मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापून निघालं. हेन्रीनं पोपशी भांडण केलं नसतं, तर हा माणूस कदाचित इंग्लंडातल्याच एखाद्या चर्चमध्ये म्हातारा झाला असता. आपल्या भाषेला हजारो ओव्या मिळाल्या त्या अशा.

फिचनंतर एकतीस वर्षांनी, १६१५ मध्ये, इंग्लंडच्या राजाचा अधिकृत वकील टॉमस रो सुरतेहून निघाला, तो याच वाटेनं. सुरतेहून नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर असा बऱ्हाणपूरचा रस्ता होता. बऱ्हाणपुरात तेव्हा बादशहा जहांगीरचा मुलगा परवेझ राहत होता. कोतवाल म्हणाला, शहजाद्यासमोर जमिनीला डोकं टेकवा. रो म्हणाला, मी राजाचा वकील आहे, चाकर नाही, टेकवणार नाही. शेवटी नुसत्या मुजऱ्यावर निभावलं. खुर्ची मागितली, तीही मिळाली नाही. आणि या प्रसंगाची नोंद रोनं आपल्या रोजनिशीत केली ती अर्थात बिशपांच्या तारखेनं, दहा दिवस मागून.

मधल्या काळात बऱ्हाणपूरचं काय झालं, ते पटकन सांगतो. राजा अली खान अकबराचा मांडलिक झाला आणि १५९७ मध्ये दख्खनी फौजांशी लढताना, मुघलांच्या बाजूनं, रणात मारला गेला. त्याच्या मुलाचं अकबराशी जमलं नाही. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि फारुकी राज्य संपलं. अकबरानं जिंकलेला सुभा आपल्या दानियाल नावाच्या मुलाच्या हवाली केला, आणि सुभ्याचं नावही बदललं: खानदेशचं 'दानदेश'.

दानदेश! ऐकलंय कधी? कुणाच्या तोंडात बसलंच नाही. चोपड्याच्या बाजारात कुणी म्हणालं असतं, "भाऊ, मी दानदेशचा," तर लोकांनी त्याला ताप आलाय का ते पाहिलं असतं. अकबराच्या इलाही सनाचंही तेच. १५८४ मध्ये त्यानं नवी कालगणना सुरू केली, स्वतःच्या राज्यारोहणापासून मोजायची. गणित चोख होतं, सौर वर्षाचं. नातवाच्या कारकिर्दीत ती मागे पडली आणि पुढे दफ्तरातच राहिली. हसायचं कारण नाही. आपल्या स्वतंत्र भारत सरकारनंही मेघनाद साहा या मोठ्या शास्त्रज्ञाच्या समितीकडून राष्ट्रीय दिनदर्शिका करून घेतली आणि २२ मार्च १९५७ पासून लागू केली. शास्त्रशुद्ध आहे. तुमच्या ओळखीत तिच्यानुसार वाढदिवस करणारं कुणी आहे का? टिळक पंचांगवाल्यांचे सणही काही वर्षी इतरांपेक्षा चक्क महिनाभर वेगळे येतात. तारीख बदलायला माणसं सहजी तयार होत नाहीत, मग सांगणारा पोप असो, बादशहा असो की लोकमान्य.

इंग्रज अखेर शहाणे झाले १७५२ मध्ये. तोवर अंतर दहाचं अकरा दिवस झालं होतं, कारण १७०० हे वर्ष त्यांनी लीप धरलं आणि पोपवाल्यांनी धरलं नाही. बुधवार २ सप्टेंबर, दुसऱ्या दिवशी गुरुवार १४ सप्टेंबर. वार पाहिलात का? बुधवारनंतर गुरुवारच. पोपनं दहा दिवस उडवले तेव्हाही गुरुवारनंतर शुक्रवारच आला होता. वारांच्या साखळीला कुणीच हात लावला नाही. म्हणून बऱ्हाणपूर, गोवा आणि लंडन यांचं बाकी कशावर एकमत नसलं, तरी सोमवारवर होतं.

आता तुमच्यासाठी गृहपाठ, आणि हा मोठ्यांनाही घालून पाहा. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक कधी झाला? शाळेतलं कुणीही सांगेल, ६ जून १६७४. त्या दिवशी रायगडावर मुंबईहून आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन हजर होता. १६७४ मध्ये इंग्रज कोणतं कॅलेंडर वापरत होते? जुनंच. म्हणजे ही ६ जून पोपचं न ऐकणाऱ्यांची ६ जून आहे. गोव्याचा एखादा पोर्तुगीज त्या वेळी गडावर असता, तर त्यानं १६ जून लिहिलं असतं, आणि आज भिंतीवर लावतो त्या कॅलेंडराच्या हिशेबानं त्याचंच बरोबर ठरलं असतं. विश्वास नसेल तर चंद्राला विचारा. राज्याभिषेकाची तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. जोशीबुवांच्या सोमवारसाठी केली तशीच मोजणी करा: १६ जूनला त्रयोदशी येते. आजच्या कॅलेंडरातल्या ६ जूनला मोजलंत, तर चंद्र अमावास्येच्या आसपास सापडेल. रायगडावर सोहळे दोन होतात, एक तारखेनं आणि एक तिथीनं. तिसरा १६ जूनला करायला अजून कुणी गेलेलं माझ्या तरी ऐकिवात नाही.